काळ्या भिंतींच्या मुलखात कॅमेरा घेऊन

सुरत-भुसावळ रेल्वेने जाणाऱ्या आपल्या वाचकांची संख्या लहान नाही. कोणी सुरत-उधन्याच्या कापड कारखान्यांत पोटासाठी गेलेले, कोणाचे माहेर नवापूर-खांडबाऱ्याकडे, तर कोणाची सोयरिक दोंडाईचा-अमळनेरात. पण खिडकीजवळची जागा मिळाली तरी माणूस बाहेर पाहतोच असे नाही. डब्यातली गर्दी, मांडीवरचे पोर, उद्याची हजेरी यांतच जीव गुंतलेला असतो. मात्र कधी नजर बाहेर गेलीच, तर नंदुरबारच्या आसपास मोकळ्या माळावर एक काळी भिंत सरळ रेषेत जाताना दिसते. गाडी पुढे जाते, भिंत संपते आणि थोड्या वेळाने तशीच दुसरी दिसते. कोणी म्हणते जुन्या गढीचा तट असेल, कोणी म्हणते सरकारी बांध असेल. एवढ्यावर बोलणे संपते आणि पुढचे स्टेशन येते.

वाचकहो, ही भिंत कोणा राजाने बांधलेली नाही आणि कोणा सरकारनेही नाही. मनुष्यप्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी ती उभी राहिली. या भिंती जवळून पाहाव्यात, त्यांचे फोटो काढावेत आणि मुलांना दगड वाचायला शिकवावे, या हेतूने आम्ही तीन कुटुंबे गेल्या हिवाळ्यात नंदुरबार जिल्ह्यात दोन दिवस पायी हिंडलो. तिथे जे पाहिले आणि जे शिकलो, ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

भाकरीच्या चवडीत खुपसलेली सुरी

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला आणि पसरला. तो थंड होऊन थर झाला. काही काळाने पुन्हा रस आला, पुन्हा थर झाला. तव्यावरची भाकरी उतरवून दुरडीत एकावर एक ठेवत जावी, तशी ही थरांची चवड वाढत गेली. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर आहेत. सह्याद्रीच्या डोंगरांना दुरून पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. आपल्या धम्मबांधवांच्या सहली ज्या अजिंठा, वेरूळ, कार्ल्याच्या लेण्यांना जातात, ती सारी लेणी याच थरांत कोरलेली आहेत.

आता या भाकऱ्यांच्या चवडीत एखादी सुरी उभी खुपसली आहे अशी कल्पना करा. नंदुरबारच्या भिंती म्हणजे या सुऱ्या. थर तयार झाल्यानंतर जमिनीखालून पुन्हा शिलारस जोराने वर आला. त्याने थरांना मधोमध फाडले, दोन्ही बाजूंना रेटले आणि त्या उभ्या फटीतच तो गोठला. भूशास्त्रात याला डाईक म्हणतात. यांतल्या काही फटी म्हणजे वरच्या लाव्हाच्या थरांना रस पुरवणाऱ्या वाटा असाव्यात, असेही काही संशोधकांचे मत आहे.

मग जमिनीत गाडलेली ही सुरी बाहेर कशी आली? आजूबाजूचे थर मऊ पडलेले, झिजलेले होते. त्यांत पुष्कळ ठिकाणी बुडबुड्यांची भोके आणि त्या भोकांत पांढरी खनिजे भरलेली होती. ऊन, पाऊस आणि वारा यांनी लक्षावधी वर्षे हे मऊ दगड खाल्ले. फटीतला दगड टणक होता, तो राहिला. बोराचा गर खाऊन झाल्यावर आठळी उरते, तसेच हे.

रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक या संशोधकांनी नंदुरबार-धुळे भागातील या भिंतींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यातले आकडे ऐकून माणूस थक्क होतो. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरच्या टापूत एक किलोमीटरहून लांब अशा २१० भिंती त्यांनी नोंदल्या. सर्वात लांब भिंत ७९ किलोमीटरची, म्हणजे एस.टी.ने दोनेक तास लागावेत एवढी. जाडी कुठे ३ मीटर तर कुठे ६२ मीटर. जवळजवळ सगळ्या भिंती अगदी उभ्या आणि सगळ्यांचा रोख पूर्व-पश्चिम. याचा अर्थ त्या काळी इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. कापड दोन्ही हातांनी ओढले की ते मधे फाटते, आणि फाटलेली चीर ओढीच्या आडवी असते. हे शिवणकाम करणाऱ्या आपल्या कोणत्याही भगिनीला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सरपणासारखे रचलेले दगड

नंदुरबारहून साक्रीकडे आणि दोंडाईचाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या पट्ट्यात या भिंती दिसतात. आम्ही एका फाट्यावर एस.टी.तून उतरलो आणि बैलगाडीच्या वाटेने चालू लागलो. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. गावातल्या एका आजीबाईंनी तशी विनंती केली. "पाहा, फोटो काढा, पण जत्रा आणू नका. माणसे येतात नि बाटल्या टाकून जातात," असे त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द मोडणे आम्हाला बरे वाटत नाही.

हा मुलूख वाळवंट नव्हे, पण दिवाळी सरली की गवत पिवळे पडते, नाले आटतात आणि बाभळी-बोरीखेरीज सावली मिळत नाही. अशा माळावर भिंत तासाभराच्या चालीवर दिसत होती. जवळ गेल्यावर कळले, की तिची उंची कुठे कमरेएवढी आहे तर कुठे दोन मजली घराएवढी. काही ठिकाणी ती मोडून नुसते गोटे उरले आहेत. आणि मग एका वळणावर आम्ही सगळेच थबकलो. भिंतीच्या अंगात दगडाचे ओंडके आडवे रचलेले! पाच-पाच, सहा-सहा बाजूंचे, एकसारखे, एकावर एक. पावसाळ्यापूर्वी घरामागे सरपण रचून ठेवावे आणि ओंडक्यांची तोंडे आपल्याकडे यावीत, हुबेहूब तसे. आमच्यातली आठवीतली मुलगी लगेच म्हणाली, "हे कोणीतरी लावून ठेवलेय."

तिचे म्हणणे चुकीचे असले तरी शंका रास्त होती. उत्तर असे आहे. गरम दगड थंड होताना आकसतो. आटलेल्या तळ्यातला चिखल वाळला की त्याला जशा जाळीदार भेगा पडतात, तशाच भेगा थंड होणाऱ्या दगडाला पडतात. त्या भेगा थंड पृष्ठभागापासून आत-आत सरकत जातात आणि दगडाचे खांब होतात. लाव्हाचा थर आडवा पसरलेला असेल तर तो वरून आणि खालून थंड होतो, म्हणून खांब उभे होतात. भिंत मात्र दोन्ही बाजूंनी थंड होते, म्हणून तिचे खांब आडवे होतात. डावीकडून आणि उजवीकडून वाढत आलेले खांब भिंतीच्या पोटात एकमेकांना भेटतात.

उभ्या खांबांचे उदाहरण मुंबईकर वाचकांच्या दारातच आहे. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे ६१ मीटर उंचीचा अशाच उभ्या खांबांचा सुळका. परदेशात उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असे सुमारे ४० हजार खांब आहेत. एका राक्षसाने समुद्र ओलांडायला बांधलेली ती वाट, अशी तिथली दंतकथा. १९८६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दंतकथा सगळीकडे असतात. त्या ऐकाव्यात, पण मुलांना त्याच बैठकीत वाळलेल्या चिखलाची भेगही दाखवावी.

सूर्य कुठून येतो ते आधी पाहा

आमच्याजवळ एक जुना रोलचा कॅमेरा होता आणि बाकी सगळे मोबाईल. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल म्हणजे महिनाभराची काटकसर असे, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी. मोबाईल आल्यावर फोटो फुकट झाले आणि विचार करणे मागे पडले. त्या दोन दिवसांत आम्हाला कळले ते एवढेच, की दगडाचा फोटो यंत्रापेक्षा उजेडावर अवलंबून असतो.

या भिंती पूर्व-पश्चिम आहेत. म्हणून प्रत्येक भिंतीला एक दक्षिणेकडचे अंग आहे आणि एक उत्तरेकडचे. डिसेंबरात सूर्य ऐन पूर्वेला उगवत नाही, तर दक्षिणेकडे सुमारे पंचवीस अंश सरकून उगवतो. त्यामुळे सकाळचा तिरपा उजेड भिंतीच्या दक्षिण अंगावरून घासत जातो. प्रत्येक खांबाची कडा उजळते आणि शेजारची खाच काळी राहते. याच वेळी सरपणाची रास फोटोत उठून दिसते. संध्याकाळी हेच उलट बाजूने घडते. दुपारी बारा वाजता ऊन समोरून येते, सावल्या आखडतात आणि तीच भिंत फोटोत सपाट, निर्जीव दिसते. तेव्हा दुपार जेवणासाठी आणि झाडाखालच्या गप्पांसाठी ठेवावी.

उत्तरेकडच्या अंगाला हिवाळाभर थेट ऊन लागत नाही. तिथे गारवा असतो आणि फोटो काढायला सारखा, मऊ उजेड मिळतो. दगडाचा बारीक पोत, त्यावरचे करडे-पिवळे डाग टिपायला हीच बाजू चांगली. ज्यांना उत्तर अंगावर तिरपे ऊन हवे असेल त्यांनी उन्हाळ्यात पहाटे जावे, पण नंदुरबारचा मे महिना चाळिशीच्या वरचा असतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन त्या दिवसांत माळावर जाऊ नये. आणखी एक गंमत. २१ मार्चच्या आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. त्या दिवशी भिंतीच्या पश्चिम टोकाला उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर सूर्य भिंतीच्या रेषेतच वर येताना दिसावा.

आणखी काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

काळा दगड आणि पांढरे आभाळ एकाच फोटोत आले की मोबाईल गोंधळतो. दगडाला धरून उजेड घेतला तर आभाळ धुऊन जाते आणि आभाळाला धरून घेतला तर दगडाचा कोळसा होतो. पडद्यावर दगडाच्या जागी बोट टेकवावे, उजेड थोडा कमी करावा आणि चौकटीत आभाळ थोडेच घ्यावे.

फोटोत मापासाठी काहीतरी ठेवावे. नुसत्या दगडाच्या फोटोवरून तो वीतभर आहे की पुरुषभर, हे कळत नाही. लांबून काढताना माणूस उभा करावा, जवळून काढताना छत्री, काठी किंवा रुपयाचे नाणे ठेवावे. आमच्या मुलांनी शाळेची फूटपट्टी आणली होती, तिचा सर्वात चांगला उपयोग झाला.

एक फोटो लांबून, एक मधून, एक जवळून, असे तिन्ही काढावेत. लांबचा फोटो भिंत कशी पसरली आहे ते सांगतो, मधला तिची बांधणी सांगतो आणि जवळचा तिचा दाणा दाखवतो.

घरी आल्यावर तारीख, वेळ, जागा आणि तोंड कोणत्या दिशेला होते, एवढे वहीत लिहून ठेवावे. चार ओळी लागतात. पण या चार ओळींमुळे सहलीचा फोटो पुरावा बनतो.

घण मारणाऱ्याचे ज्ञान

दुसऱ्या दिवशी जिथे पोहोचलो तिथे भिंतीचा एक मोठा तुकडा नाहीसा झालेला होता. दोन्ही बाजूंना काळा दगड उभा आणि मधे खाच. खाली खडीचे ढीग. रस्त्यांना, धरणांना, घरांच्या पायाला खडी लागते. भिंतीचा दगड टणक असतो आणि जमिनीच्या वर आयता मिळतो, म्हणून खाणवाल्याची नजर आधी तिच्यावर जाते.

तिथे काम करणाऱ्या एका गृहस्थांशी बोलणे झाले. वय पन्नाशीचे, तळहात पाट्यासारखे झालेले. आम्ही कशासाठी फिरतो आहोत हे सांगितल्यावर ते हसले. मग त्यांनी दोन दगड उचलून आमच्या हातात दिले. म्हणाले, "कडना दगड बारीक शे भाऊ, मजारना भरड." म्हणजे भिंतीच्या कडेचा दगड बारीक दाण्याचा आणि आतला भरड. आम्ही भिंगाने पाहिले, तर अक्षरशः खरे! भूशास्त्राची पुस्तके हेच सांगतात. कडेचा रस थंड दगडाला चिकटून झटकन गोठला, म्हणून त्यात स्फटिक वाढायला वेळ मिळाला नाही. पोटातला रस सावकाश निवाला, म्हणून तिथले दाणे मोठे झाले. या गृहस्थांनी शाळेची पायरी चढली नव्हती. पण तीस वर्षे दगड फोडून त्यांच्या हातांना जे कळले होते, ते विद्यापीठात शिकवले जाते. ज्याचे ज्ञान त्याच्या नावावर लागत नाही असे लोक आपल्या समाजात किती आहेत, हे आपण जाणतोच.

आमच्यातल्या एका तरुणाने मग उत्साहाने विषय काढला, की अशा भिंती राखल्या पाहिजेत, फोडणे थांबवले पाहिजे. गृहस्थ शांतपणे म्हणाले, की भिंत राखाल तर आमची चूल कोण राखणार? आमचा तरुण गप्प झाला. आम्हालाही पटकन उत्तर सुचले नाही.

त्या संध्याकाळी आमची यावर पुष्कळ चर्चा झाली. आम्हाला वाटते ते असे. दगड फोडणारा मजूर हा या भिंतींचा शत्रू नाही. त्याला धुळीत तोंड बांधायला धड फडके नाही, फुप्फुसे खराब होतात आणि खाण संपली की तो पुढच्या खाणीवर जातो. खाण कुठे पडावी हे तो ठरवत नाही. ते कागदावर ठरते. म्हणून प्रश्न कागदावर विचारायला हवा. २१० भिंतींपैकी कोणत्या पाहण्याजोग्या, शिकण्याजोग्या आहेत, कोणत्या विहिरींच्या पाण्याशी जोडलेल्या आहेत, हे पाहून तेवढ्या सोडाव्यात आणि खडीसाठी दुसऱ्या जागा द्याव्यात, एवढे तरी मागता येईल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. २०२५ साली पाचगणी-महाबळेश्वरच्या लाव्हा थरांचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. थंड हवेच्या ठिकाणच्या दगडाचे कौतुक होते, तर तापलेल्या माळावरच्या दगडाचेही व्हायला हरकत नसावी.

पाण्याची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. भिंत जमिनीवर दिसते त्याहून कितीतरी खोल खाली गेलेली असते. जमिनीतून झिरपणारे पाणी तिला अडते. म्हणून कुठे कुठे भिंतीच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी असते आणि पलीकडची कोरडी पडते. जिथे भिंतीला भेगा फार आहेत तिथे उलटे घडते, तिच्यातूनच पाणी वाहते. विहीर खोदण्यापूर्वी भूजल खात्याची माणसे अशा भिंती शोधतात, त्याचे कारण हे. फोटोत भिंतीबरोबर जवळची विहीर आली तर तो फोटो गावालाही उपयोगी पडेल.

गिल्बर्ट हिलकडे पाहा. त्याच्या भोवतालचा खडक फोडून नेला गेला, खेटून वस्ती झाली, आणि २००७ साली मुंबई महापालिकेने त्याला वारशाच्या यादीत घेतले तेव्हा एक सुळका तेवढा उरला होता. भोवतालच्या झोपड्यांत राहणारी माणसे आपलीच आहेत. दगड ढासळला तर त्यांच्या डोक्यावर येतो. म्हणजे दगड राखणे आणि माणूस राखणे ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

सातपुड्याकडे

ज्यांना माळापेक्षा डोंगर आवडतो त्यांनी तोरणमाळला जावे. शहाद्याहून म्हसावदमार्गे सुमारे ५५ किलोमीटर. सातपायरी घाट चढून गाडी वर येते. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. यशवंत तलाव पाहून सीताखाईच्या कड्याकडे गेले, की भाकऱ्यांची चवड म्हणजे काय ते समोर दिसते. दरीच्या भिंतीत थर एकावर एक स्पष्ट मोजता येतात. इथे दुपारनंतरचा उजेड पाहून फोटो काढावेत, पण कड्याच्या टोकाशी जाऊन नव्हे. स्वतःचा फोटो स्वतः काढताना मागे पाऊल टाकू नका. कठडा नसलेल्या जागी मुलांचा हात सोडू नका.

अक्राणी तालुक्यातले अस्तंभा शिखर १,३२५ मीटर उंच आहे. दिवाळीच्या दिवसांत तळोद्याकडून हजारो आदिवासी तरुण रात्रभर चालून तिथे यात्रेला जातात. अश्वत्थामा तिथे भटकतो अशी त्यांची कथा आहे. कथेवर विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याचे त्याच्यापाशी. पण ती वाट त्यांच्या पायांनी पडली आहे, हे आपण विसरू नये. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या पाड्यांतून जाताना आपण पाहुणे असतो. बाई पाणी भरते आहे, म्हातारा दारात बसला आहे, पोर उघडे खेळते आहे, म्हणून मोबाईल समोर धरायचा नाही. आधी विचारावे. नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे. कोणी आपल्या वस्तीत येऊन आपल्या दारिद्र्याचे फोटो काढले तर आपल्याला काय वाटेल? दगड हा देखावा असेल, माणूस देखावा नसतो.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात शिपरॉक नावाचा खडक आहे. सपाट माळातून सुमारे ४८० मीटर वर उठलेला, आणि त्याच्या पायथ्यापासून आपल्यासारख्याच काळ्या भिंती दूरवर पसरलेल्या. जगभरचे छायाचित्रकार तिथे जातात. ती जमीन नवाहो या मूळ रहिवाशांची आहे. त्यांना तो खडक पवित्र आहे. त्यांनी १९७० पासून त्यावर चढायला बंदी घातली आहे. लांबून पाहा, पण चढू नका, असे ते ठामपणे सांगू शकतात, कारण जमिनीवर त्यांचा अधिकार मानला गेला. आपल्याकडे पाड्यातल्या माणसाला हे सांगता येते का, याचा विचार व्हावा.

फोटो कशासाठी?

खानदेशाला दगडांच्या फोटोंची परंपरा जुनी आहे. रॉबर्ट गिल नावाचा एक लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढण्याच्या कामावर होता. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठाले कॅनव्हास रंगवले आणि ते इंग्लंडला पाठवले. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातले बहुतेक जळून गेले. पण गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्याने काढलेले लेण्यांचे फोटो पुस्तकांतून छापले गेले होते, आणि छापलेल्या वस्तूच्या अनेक प्रती असतात. ते राहिले. १८७९ साली भुसावळजवळ तो वारला. त्याच्या फोटोंमुळे त्या काळी लेण्यांची अवस्था कशी होती, हे आज पाहता येते.

आपण काढलेले फोटोही असेच कामाला येऊ शकतात. म्हणून ते मोबाईलमध्ये कोंडून ठेवू नका. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो, बिघडतो. पाच-दहा चांगले फोटो कागदावर छापून घ्या. मागे पेनने तारीख, गाव, दिशा लिहा. एक प्रत गावच्या शाळेला द्या, एक विहाराच्या वाचनालयात ठेवा. दोन-तीन वर्षांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा काढा. भिंत किती उरली, विहिरीची पातळी कुठे गेली, झाडे वाढली की तुटली, हे कोणाच्या तोंडी न ऐकता समोर दिसेल. अर्जाला असे दोन फोटो जोडले तर तो अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते, हा नळ-गटार-रस्त्याच्या अर्जांचा आपला अनुभव इथेही लागू आहे.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. माणशी दोन ते तीन लिटर पाणी, डोक्याला रुमाल, पायांत चप्पल नको, बूट हवा. गोट्यांच्या फटींत विंचू-साप असतो, हात घालू नये. शेतातून जायचे तर शेतकऱ्याला विचारावे, जंगलाची हद्द असेल तर वनखात्याच्या माणसाला. खाणीच्या काठावर आणि सुरुंगाच्या वेळी जवळ जाऊ नये. पांढऱ्या गारगोट्या दिसल्या तर फोटो काढावा, फोडून पिशवी भरू नये. हौस असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकाहून एक सुंदर नमुने काचेआड ठेवलेले आहेत. आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा, म्हणजे आजीबाईंची तक्रार राहणार नाही.

रविवारची एक सुट्टी असते, तीही कपडे धुण्यात आणि बाजारहाटात जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. दगड पाहायला जाणे ही रिकामटेकड्यांची हौस आहे, असे आपल्यातले काही जण म्हणतात. पण ज्यांच्या वाडवडिलांनी हा दगड फोडला, वाहिला, त्यावर डांबर ओतले, त्यांनीच तो कधी सवडीने पाहू नये, असा नियम कोणी केला? आमच्यातले एक जण रेल्वेत गँगमन आहेत. आयुष्यभर रुळाखाली खडी टाकली, पण ती कुठून येते हे त्या दिवशी प्रथम पाहिले, असे ते म्हणाले. त्यांनी काढलेला खाचेचा फोटो आमच्या सर्वांच्या फोटोंत उत्तम आला आहे.

शेवटी बालवाचकांसाठी एक कोडे. माळावर आडवे थर आहेत आणि त्यांना चिरत जाणारी उभी भिंत आहे. या दोघांत वयाने मोठे कोण? उत्तर सोपे आहे. आधी भाकरी असावी लागते, तेव्हाच सुरी तिला कापते. म्हणून थर मोठे, भिंत धाकटी. आता दोन भिंती एकमेकींना छेदताना कुठे दिसल्या, तर त्यांत धाकटी कोणती हे मुलांनी स्वतः शोधावे, त्या जागेचा जवळून फोटो काढावा आणि फूटपट्टी ठेवायला विसरू नये.